माजी बेसबॉलपटू चांगला मॅनेजर होईल का, हे ओळखायचं कसं?

डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल टीमने ॲरन बूनला मॅनेजर केलं, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या शनिवारच्या कंपूत मी छातीठोकपणे सांगितलं होतं, हा गडी दोन सीझनही टिकायचा नाही. कुठल्याच पातळीवर त्याने मॅनेजर किंवा कोच म्हणून एक दिवस काम केलेलं नव्हतं, थेट टीव्हीच्या स्टुडिओतून आला होता. पहिल्या सीझनला त्याने १०० मॅचेस जिंकल्या, दुसऱ्याला १०३. मला अजून त्यावरून चहा पाजावा लागतो.

त्याआधी रायन सँडबर्गच्या बाबतीत उलट्या बाजूने आपटलो होतो. हॉल ऑफ फेममधला, म्हणजे दिग्गजांत गणलेला खेळाडू, पण २००७ मध्ये पिओरियासारख्या गावात, मायनर लीगच्या (वरच्या मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या लीगच्या) खालच्या पायरीवर मॅनेजरकी शिकायला गेला. बसचे प्रवास केले, चार वर्षं शिकागो कब्ज या टीमच्या मायनर लीग शाखांमध्ये घासली, मग फिलाडेल्फियाच्या फिलीजकडे गेला. सगळं नियमाने केलं. २०१३ मध्ये फिलीजची मोठी टीम हातात आली आणि जून २०१५ मध्ये सीझन अर्ध्यावर असतानाच त्याने राजीनामा दिला. ११९ विजय, १५९ पराभव.

एकाच कसोटीवर माणूस जोखायचा नाही, हे तेव्हा कळलं. त्यानंतर एक पद्धत बसवली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मॅनेजरच्या रिकाम्या खुर्च्यांसाठी माजी खेळाडूंची नावं फिरू लागली की मी ती वापरतो. माझे अंदाज अजूनही चुकतात, पण निदान कशामुळे चुकले ते सांगता येतं.

आधी काम नेमकं काय, ते बघा

आपण क्रिकेटवर वाढलेले, त्यामुळे पहिली गफलत इथेच होते. मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा टूर मॅनेजर नव्हे आणि नुसता कोचही नव्हे. क्रिकेटमध्ये कर्णधार मैदानावर उभा राहून जे ठरवतो, ते बेसबॉलमध्ये डगआउटमधला (मैदानाकडेच्या बाकांवरचा) मॅनेजर ठरवतो: बॅटिंगचा क्रम काय, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कधी काढायचा, कोणाच्या जागी कोणाला बॅट द्यायची. आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येत नाही. सहाव्या इनिंगला घाई केली, तर नवव्या इनिंगला हात चोळत बसावं लागतं.

पण डावपेचांचा हा भाग अलीकडे आटत चाललाय. २०२० पासून नवा पिचर आला की त्याने किमान तीन बॅटर्सना टाकायचं किंवा इनिंग संपवायची, असा नियम आहे. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही पिचरने बॅटिंग करणं बंद झालं, म्हणजे पिचरच्या जागी बॅटर कधी पाठवायचा, हा मॅनेजरचं अर्धं डोकं खाणारा प्रश्नच गेला. शिवाय खेळाडू घेणं-विकणं त्याच्या हातात नसतं, ते फ्रंट ऑफिस, म्हणजे क्लबचं व्यवस्थापन, करतं.

मग उरतं काय? साधारण सहा महिन्यांत १६२ मॅचेस, २६ खेळाडू, आणि रोज मॅचच्या आधी व नंतर पत्रकारांसमोर बसणं. त्या २६ जणांत वर्षाला तीन-चार कोटी डॉलर घेणारा स्टार असतो आणि उद्या मायनर लीगला परत पाठवला जाईल म्हणून रात्री झोप न येणारा पोरगाही असतो. दोघांनाही कधी ना कधी 'आज तू नाहीस' हे सांगावं लागतं. ते सांगता येईल असा माणूस आपण शोधतोय, हे डोक्यात ठेवून पुढे चला.

बॅटिंगचे आकडे बाजूला ठेवा, पण भलत्या टोकाला जाऊ नका

टेड विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ची सरासरी (दर हजार खेपांना ४०६ यशस्वी फटके) काढली. त्यानंतर नॅशनल किंवा अमेरिकन लीगच्या पूर्ण सीझनमध्ये .४००ला कोणी पोचलेलं नाही. १९६९ मध्ये तो वॉशिंग्टन सेनेटर्सचा मॅनेजर झाला. आदल्या वर्षी ६५ मॅचेस जिंकलेली टीम ८६ जिंकली आणि सगळीकडे वाहवा झाली. पुढच्या तीन वर्षांचे विजय: ७०, ६३, ५४. पहिल्या वर्षी त्याचे बॅटर्स सुधारले हे खरं, पण त्याच वर्षी पिचरचा माउंड, म्हणजे ज्यावरून तो टाकतो तो उंचवटा, १५ इंचांवरून १० इंचांवर आणला होता, हेही विसरायचं नाही. सगळ्याच टीम्सचे बॅटर्स तेव्हा सुधारले होते.

दुसऱ्या पारड्यात टोनी ला रूसा. खेळाडू म्हणून सरासरी .१९९. मॅनेजर म्हणून २,८८४ विजय, तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अजिंक्यपदं. स्पार्की अँडरसन मेजर लीगचा एकच सीझन खेळला, .२१८, होम रन एकही नाही. पण नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीग्जमधल्या टीम्सना वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा पहिला मॅनेजर तोच. टॉमी लसोर्डा मेजर लीगमध्ये पिचर म्हणून एकही मॅच जिंकला नाही, चार हरला. अर्ल वीव्हर तर मेजर लीगमध्ये कधी खेळलाच नाही. आपल्याला हे नवं नाही म्हणा. सचिनने २५ कसोटींत कप्तानी केली आणि चार जिंकल्या. त्याला घडवणारे आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते.

इथून पुष्कळ लोक थेट उडी मारतात, 'म्हणजे सुमार खेळाडूच चांगला मॅनेजर होतो!' हे मात्र मला पटत नाही. सुमार खेळाडूला कोणी थेट खुर्ची देत नाही, एवढाच त्यातला अर्थ. ला रूसा, अँडरसन, लसोर्डा, सगळे मायनर लीगमधून वर आले; वीव्हरने तिथे दहाएक वर्षं काढली. त्यांच्यासारखेच हजार सुमार खेळाडू त्या चाळणीतून गळून पडले, त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत. स्टारला चाळणी लागत नाही. त्याचं नाव तिकिटं खपवतं, म्हणून त्याला एकदम वर बसवतात आणि तो पडला की सगळ्या देशाला दिसतो.

मोठे खेळाडू चांगले मॅनेजर झालेलेही आहेतच. जो टॉरे १९७१ मध्ये .३६३ मारून नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला होता. पुढे यँकीजला त्याने चार वर्ल्ड सिरीज दिल्या. हॉल ऑफ फेममधला पॉल मॉलिटर २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. तेव्हा मोठ्या खेळाडूच्या बाबतीत मी फक्त एक प्रश्न विचारतो: याला कधी जमेनासं झालं होतं का? दुखापत, हरवलेला फॉर्म, उतरणीची वर्षं बेंचवर? ज्याला सगळं आपोआप जमलं, त्याला ते न जमणाऱ्या पोराशी काय बोलावं, हे बहुधा सुचत नाही.

खेळत नसताना तो कुठे बसत होता?

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी हीच.

मॅनेजर्सच्या यादीत कॅचर्स, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचे बॉल झेलणारे, भरलेले दिसतील: ब्रूस बोची, माइक सोशा, जो जिरार्डी, बॉब मेल्विन, केव्हिन कॅश, स्टीव्हन व्होट. टॉरेही आधी कॅचरच. कारण उघड आहे. मैदानावर बाकी आठ जण एका दिशेला तोंड करून असतात, कॅचर एकटा त्यांच्याकडे तोंड करून. प्रत्येक बॉल त्याच्या सल्ल्याने पडतो. पिचर बिथरला की उठून त्याच्याशी बोलायला जायचं कामही त्याचंच. तरुणपणापासून दिवसाला शंभर-दीडशे वेळा 'आता पुढे काय?' हे ठरवायची सवय लागते.

त्यातही राखीव कॅचर. बोची नऊ सीझन खेळला ते बहुतेक दुसऱ्याच्या जागी. कॅशची सरासरी .१८३. अशा माणसाला आठवड्यातले चार-पाच दिवस डगआउटमध्ये बसून दुसरं काहीच नसतं, तो बघतो. व्होट तर मेजर लीगमध्ये आला आणि पहिल्या ३२ वेळा बॅट घेऊन रिकामा परतला. ३३ वी खेप होम रनची. २०२२ मध्ये त्याने कारकिर्दीतल्या शेवटच्या खेपेलाही होम रनच मारला, पुढचं एक वर्ष सिॲटलला बुलपेनचा, म्हणजे मॅचमध्ये मध्येच येणाऱ्या पिचर्सचा, कोच म्हणून काढलं आणि २०२४ मध्ये क्लीव्हलंडचा मॅनेजर होऊन पहिल्याच वर्षी सर्वोत्तम मॅनेजरचा मान घेतला.

मुलाखतींत एक गोष्ट शोधा: त्याचे जुने सहकारी 'तो आमच्या मॅनेजरच्या शेजारी बसायचा' अशा अर्थाचं काही सांगतात का. हे सरसकट कौतुक नव्हे. कौतुक तर निवृत्त झालेल्या प्रत्येकाचं होतं. 'क्लबहाउसमधला नेता' या शब्दांना मी शून्य गुण देतो. 'तिसऱ्या इनिंगलाच येऊन मला म्हणाला, त्यांचा शॉर्टस्टॉप आज दोन पावलं उजवीकडे उभा आहे' अशा वाक्याला पाच.

पिचर्सचं म्हणाल तर लसोर्डा, बड ब्लॅक, जॉन फॅरेल अशी नावं आहेत, पण थोडी. स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) पाच दिवसांतून एकदा खेळतो, रिलीव्हर (मध्येच येणारा) बुलपेनमध्ये लांब बसतो; रोजच्या बॅटर्सच्या जगापासून दोघेही जरा तुटलेले. नियम नव्हे हा, पण अशा उमेदवाराचा बेंच कोच, म्हणजे डगआउटमधला उजवा हात, कोण असणार, हे जास्त बारकाईने बघावं.

निवृत्तीनंतर त्याने काय केलं?

२०११ ते २०१३ या काळात अननुभवी मॅनेजर नेमायची टूमच निघाली होती: व्हाइट सॉक्सकडे रॉबिन व्हेंचुरा, कार्डिनल्सकडे माइक मॅथेनी, रॉकीजकडे वॉल्ट वाइस, टायगर्सकडे ब्रॅड ऑस्मस. मॅथेनीने टीमला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलं, व्हेंचुरा आणि वाइस यांना प्लेऑफ्सचं तोंड दिसलं नाही. तेव्हा अनुभव नसला म्हणजे खड्ड्यात गेला, असं नाही. पण अनुभव कसला, ते वेगवेगळं मोजावं.

मायनर लीगचा मॅनेजर पोरं घडवायला शिकतो. तिथे जिंकणं दुय्यम असतं. बेंच कोच मॅच चालवायला शिकतो. थर्ड बेस कोच (धावणाऱ्याला पुढे पळ की थांब हे सांगणारा) सेकंदाच्या आत निर्णय घेऊन सगळ्या स्टेडियमच्या शिव्या खायला शिकतो, हे मी चेष्टेने म्हणत नाही. फ्रंट ऑफिसमध्ये काम केलेला माणूस, मिल्वॉकीच्या ऑफिसातून तिथलाच मॅनेजर झालेला क्रेग काउन्सेल जसा, आकडेवाल्या मंडळींची भाषा बोलतो. बूनच्या बाबतीत मला न दिसलेली गोष्ट म्हणजे टीव्हीवरचा समालोचकसुद्धा रोज एक प्रकारची मॅनेजरकीच करत असतो, मोठ्याने विचार करायची. वर तो तीन पिढ्यांच्या बेसबॉल घराण्यातला. आजोबा, वडील, भाऊ सगळे मेजर लीगमध्ये, वडील तर मॅनेजरही. त्याचं शिक्षण घरात जेवणाच्या टेबलावर झालेलं होतं.

जमलं तर स्वतः जाऊन बघा

उमेदवार मायनर लीगमध्ये मॅनेजर असेल तर यासारखी संधी नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ब्रिजवॉटरचं डबल-ए (मायनर लीगची वरून दुसरी पायरी) पार्क जवळ आहे, तिकीट यँकी स्टेडियमच्या पार्किंगपेक्षा स्वस्त. मात्र ज्याला बघायचं त्याच्या डगआउटच्या मागे बसू नका, छप्पर दिसेल. समोरच्या बाजूला बसा आणि दुर्बीण न्या.

दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वी मी तिथे असाच एका पाहुण्या मॅनेजरकडे बघत बसलो होतो. कधीकाळचा मेजर लीगचा खेळाडू, नाव सांगत नाही. पाचव्या इनिंगला त्याच्या तरुण पिचरने लागोपाठ तीन बॅटर्सना फुकट बेस दिले. मॅनेजर माउंडवर गेला, हात पुढे केला, बॉल घेतला. पोराने डगआउटमध्ये येऊन ग्लव्ह भिंतीवर आपटला आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. मॅनेजर त्याच्याकडे गेला नाही. कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत त्याने पुढचे दोन बॅटर बघितले. मग सावकाश जाऊन त्याच्या शेजारी बसला. पोराकडे मान वळवली नाही, नजर मैदानावर. चार वाक्यं बोलला असेल, त्यातल्या एकावर पोरगा हसला. उठताना बियांची पिशवी त्याच्या मांडीवर टाकून गेला.

त्या दिवशी त्याची टीम सात रनांनी हरली. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे सगळ्यांत जास्त गुण आहेत.

अशा मॅचमध्ये आणखी काय टिपायचं: बुलपेनमध्ये पिचर कधी उठतो आणि प्रत्यक्ष कधी येतो. दोनदा-तीनदा अंग गरम करून बसवून ठेवला, तर मॅनेजरला पुढची इनिंग दिसत नाहीये आणि पिचरचा हात फुकट झिजतोय. बदली बॅटर हाक आल्यावर हेल्मेट शोधतो की आधीच बॅट घेऊन तयार उभा आहे? आणि खेळाडू अंपायरवर भडकला, तर मॅनेजर मध्ये घुसतो का? स्वतः बाहेर काढला जाऊन खेळाडूला मॅचमध्ये ठेवणं हा बेसबॉलमधला जुना आणि शहाणा व्यवहार आहे.

आधी मॅनेजर राहिला असेल तर आकडे असे वाचा

नुसते जय-पराजय काही सांगत नाहीत. केसी स्टेंगेलने ब्रुकलिन आणि बॉस्टनला नऊ सीझन काढले, त्यात एकदाच पराभवांपेक्षा विजय जास्त होते. त्याच माणसाने यँकीजला १९४९ पासून बारा वर्षांत सात वर्ल्ड सिरीज दिल्या, आणि तोच १९६२ मध्ये नव्या मेट्सला घेऊन १२० मॅचेस हरला. टॉरेसुद्धा यँकीजकडे आला तेव्हा त्याच्या खात्यावर विजयांपेक्षा पराभव जास्त होते.

बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या बिल जेम्सचं एक सोपं गणित आहे. टीमने केलेल्या रनांचा वर्ग, भागिले (केलेल्या रनांचा वर्ग अधिक दिलेल्या रनांचा वर्ग): हा विजयांचा अपेक्षित वाटा. समजा ८०० रन केले, ७०० दिले. ६,४०,००० भागिले ११,३०,००० म्हणजे .५६६, १६२ मॅचेसमध्ये साधारण ९२ विजय अपेक्षित. प्रत्यक्षात ८५ झाले असतील, तर सात कुठे गेले ते शोधा. एखाद्या वर्षी हा निव्वळ नशिबाचा खेळ असतो. तीन-चार वर्षं सलग तेच होत असेल, तर मॅनेजर बुलपेन कसं वापरतो तिकडे बोट जातं. यापेक्षा जास्त या गणिताकडून मागू नका.

निर्णय आणि निकाल यांची फारकत करा

२७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच. टँपाचा पिचर ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्सना नाचवत होता: ७३ बॉल, नऊ स्ट्राइकआउट, दोनच हिट्स, १-० आघाडी. सहाव्या इनिंगला एक आउट असताना मॅनेजर कॅश बाहेर आला आणि बॉल घेतला. कारण आधीच ठरलेलं: एकाच पिचरला तिसऱ्यांदा बघणारा बॅटर जास्त मारतो. पण समोरच्या पहिल्या तिघांना स्नेलने सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट केलं होतं. नवा पिचर आला, मुकी बेट्सने डबल मारला, थोड्याच वेळात डॉजर्स पुढे गेले आणि ३-१ने जिंकले.

२००३ मध्ये नेमकं उलटं झालं होतं. बॉस्टनच्या ग्रेडी लिटलने आठव्या इनिंगला ५-२ आघाडी असताना दमलेल्या पिचर पेद्रो मार्टिनेझला विचारलं आणि तसाच ठेवला. यँकीजने बरोबरी केली आणि अकराव्या इनिंगला होम रन मारून मॅच संपवली ती याच ॲरन बूनने. लिटलची नोकरी गेली. कॅशची राहिली, उलट २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. एकाने डोळ्यांवर विश्वास ठेवला, एकाने कागदावर, हरले दोघेही. फरक इतकाच की कॅशने आपल्या फ्रंट ऑफिसला मान्य असलेली चूक केली.

म्हणून उमेदवाराच्या मुलाखतीत निर्णय बरोबर होता की नाही यापेक्षा तो कारण कसं सांगतो ते ऐका. 'मला आतून वाटलं' एवढंच उत्तर असेल तर आजच्या टीममध्ये त्याचं जमणार नाही. 'आकडे तसं सांगत होते' एवढंच असेल तर खेळाडू ऐकणार नाहीत. त्या क्षणी त्याच्याकडे काय काय माहिती होती आणि त्यातलं काय त्याने बाजूला सारलं, हे जो सांगतो तो कामाचा.

'नाही' म्हणता येतं का?

ए. जे. हिंच हुशार माणूस. ३४ व्या वर्षी ॲरिझोनाने त्याला अनुभव नसताना मॅनेजर केलं, सव्वा वर्षात काढलं. पुढे ह्यूस्टनला २०१७ ची वर्ल्ड सिरीज जिंकला. त्या वर्षी त्याचे खेळाडू कॅमेरा आणि मॉनिटर लावून प्रतिस्पर्धी कॅचर पिचरला करतो त्या खुणा चोरत होते. चौकशी अहवालात आलं की हिंचला ते पटत नव्हतं, त्याने तो मॉनिटर दोनदा फोडलासुद्धा. पण खेळाडूंना समोर बसवून 'बंद करा' असं तो म्हणाला नाही. २०२० चं पूर्ण वर्ष निलंबन झालं. नंतर डेट्रॉइटमध्ये त्याने चांगलं काम केलं हेही खरं.

खेळाडू म्हणून सगळ्यांचा लाडका असलेल्या उमेदवाराच्या बाबतीत मी इथे अडतो. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर पत्ते खेळला, त्यांना तो थांबवेल का? त्याने कधी कोणाला थांबवल्याचा एखादा तरी प्रसंग सापडला पाहिजे. सापडला नाही, तर तो नुसता सज्जन आहे असं मी धरून चालतो.

आता हीच पद्धत लावून बघायची असेल तर कार्डिनल्सचे दोन जुने सहकारी घ्या, ॲल्बर्ट पुहोल्स आणि यादिएर मोलिना. दोघांचीही नावं मॅनेजर म्हणून घेतली जातात. पुहोल्सचे ७०३ होम रन विसरा. उतरणीची लांब वर्षं लॉस एंजेलिस एंजल्सकडे काढली, ती लक्षात घ्या. निवृत्तीनंतर तो डोमिनिकन विंटर लीगमध्ये एस्कोहिदोचा मॅनेजर झाला आणि जिंकलाही, ही दुसरी जमेची बाजू. स्पॅनिश मातृभाषा, तीही छोटी गोष्ट नाही. मेजर लीगचे साधारण चौथ्या हिश्श्याहून जास्त खेळाडू अमेरिकेबाहेरचे असतात.

मोलिना १९ सीझन एकाच टीमचा कॅचर. कॅचर असण्याबद्दल माझ्याकडून त्याला पैकीच्या पैकी. पण बेंचवर बसायची वेळ त्याच्यावर फारशी आलीच नाही, हे मला खटकतं. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये तो पोर्तो रिकोचा मॅनेजर होता. उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोविरुद्ध पहिल्याच इनिंगला ४-० आघाडी, आणि शेवटी ५-४ने हार. त्या मॅचचं रेकॉर्डिंग मिळवा, सातव्या इनिंगपासून बॉल बघू नका, बुलपेनमध्ये कोण कधी उठतंय तेवढंच वेळेसकट लिहून काढा.